नात्याचा रकाना

काही दिवसांपूर्वी एका तरुण सहकाऱ्याचा दूरध्वनी आला. प्रशासन सेवेत येऊन त्याला चारच वर्षे झाली आहेत आणि सध्या तो एका दूरच्या जिल्ह्यात काम करतो. तेथील महिला बचत गटांचे एक सर्वेक्षण त्याने हाती घेतले आहे. अडचणीच्या वेळी कोणती स्त्री कोणाकडे जाते, उसने पैसे कोणाकडून घेते, दवाखान्यात सोबत कोणाला नेते, हे विचारून गावातील परस्परसंबंधांचा नकाशा तयार करायचा आहे. त्यासाठी संगणकप्रणाली आली आहे. प्रश्न लिहिला की ती लगेच विचारते, उत्तर कोणत्या प्रकारचे घ्यायचे? मोकळा मजकूर, संख्या, दिनांक, होय-नाही, यादीतून एकच पर्याय, यादीतून अनेक पर्याय, की आधी नोंदवलेल्या दुसऱ्या व्यक्तीशी जोडणारा दुवा?

त्याचा प्रश्न एवढाच होता : "सर, 'नाते' या रकान्याला कोणता प्रकार देऊ? आमचे संगणकतज्ज्ञ म्हणतात, यादी द्या. मोकळा ठेवलात तर बेरीज करता येणार नाही."

दूरध्वनीवर दोन वाक्यांत उत्तर देणे मला जमले नाही. रकान्याचा प्रकार ठरवणे हे संगणकतज्ज्ञाचे काम आहे, असे आपण समजतो. वस्तुतः तो प्रशासकीय निर्णय असतो, आणि पुष्कळदा नागरिकाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचे उत्तर तेथे ठरून गेलेले असते. या निर्णयाला भारतात दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो थोडक्यात मांडणे हेच त्या सहकाऱ्याला माझे उत्तर.

नात्यांविषयी छापील प्रश्नपत्रक तयार करून ते जगभर पाठवण्याचा पहिला मोठा उद्योग अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर गावच्या एका वकिलाने केला. त्याचे नाव ल्यूइस हेन्री मॉर्गन. इरोक्वाय आदिवासींमध्ये वडिलांच्या भावालाही वडीलच म्हणतात आणि आईच्या बहिणीला आईच म्हणतात, हे पाहून तो चकित झाला होता. ही रीत आणखी कोठे आढळते याचा शोध घेण्यासाठी त्याने १८५९ च्या सुमारास दोनशेहून अधिक नात्यांची यादी छापली आणि स्मिथसोनियन संस्थेच्या साहाय्याने ती देशोदेशींच्या मिशनऱ्यांकडे व वकिलातींकडे पाठवली. दक्षिण भारतातून तमिळ व तेलुगू भाषांतील नात्यांचे शब्द त्याला मिळाले. १८७१ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मॉर्गनच्या पत्रकाची रचना पाहण्यासारखी आहे. 'तुमच्या भाषेत अंकल कोणाला म्हणतात?' असे त्याने विचारले नाही. डाव्या बाजूला 'वडिलांचा भाऊ', 'आईचा भाऊ', 'वडिलांच्या बहिणीचा मुलगा' असे नात्याचे वर्णन छापले आणि उजवी बाजू कोरी ठेवली. प्रश्न काटेकोर आणि उत्तर मोकळे. इंग्रजीतील अंकल हा शब्द काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान या सर्वांना एकाच पोत्यात घालतो. तोच शब्द प्रश्नात वापरला असता, तर उत्तरातही ते पोतेच परत आले असते. मॉर्गनने तमिळ आणि इरोक्वाय नात्यांमधील साम्य अचूक टिपले. त्यावरून अमेरिकेतील आदिवासी आशियातून आल्याचे सिद्ध होते, हा त्याचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. पत्रक चांगले असले म्हणजे निष्कर्षही बरोबर निघतो असे नाही. पण पत्रकच चुकले तर पुढचा विद्वानही काही दुरुस्त करू शकत नाही.

दुसरे नाव डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचे. पेशाने हे डॉक्टर. १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत एकाच कुळातील माणसांच्या दृष्टी-श्रवणशक्तीत साम्य असते काय, हे तपासण्यासाठी त्यांनी वंशावळी लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे १९०१-०२ मध्ये ते निलगिरीत टोडा लोकांमध्ये राहिले आणि १९०६ मध्ये त्यांचा टोडांवरील ग्रंथ आला. आपली ही रीत त्यांनी १९१० मध्ये एका लेखात स्वतंत्रपणे मांडली.

रिव्हर्स यांनी नात्यांची यादी वापरलीच नाही. त्यांनी फक्त पाच शब्द ठेवले : वडील, आई, मूल, पती, पत्नी. समोरच्या माणसाला त्याच्या आईचे नाव विचारायचे, मग तिच्या आईचे, तिच्या मुलांचे. अशा रीतीने माणसे एकमेकांशी जोडत जायचे. सगळी वंशावळ कागदावर आली की अमक्याला तू काय म्हणून हाक मारतोस, हे विचारायचे. म्हणजे नाते हा एका माणसाला चिकटवलेला शब्द राहिला नाही, तर दोन नावांमधली रेघ झाली. आजच्या संगणकप्रणालीतील 'दुसऱ्या व्यक्तीशी जोडणारा दुवा' हा प्रकार कल्पनेच्या पातळीवर रिव्हर्स यांच्या वहीतलाच आहे.

परंतु त्या पाच शब्दांपैकी 'वडील' हा शब्दही टोडांकडे सरळ निघाला नाही. त्यांच्यात अनेक भावांची एकच पत्नी असण्याची चाल होती. मग मुलाचे वडील कोण? गर्भारपणाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास जो पुरुष त्या स्त्रीला विधिपूर्वक धनुष्यबाण देई, तो वडील. पुढे दुसऱ्या कोणी तो विधी करेपर्यंत जन्मलेली सर्व मुले त्याचीच मानली जात. मधल्या काळात तो मरण पावला असला तरीही यात फरक पडत नसे. 'जन्मदाता' असा रकाना ठेवला असता तर त्या समाजाचा कायदा पत्रकात आलाच नसता. आणखी एक अडचण अशी की, टोडांमध्ये मृत पूर्वजांची नावे उच्चारणे निषिद्ध होते. रकाना तयार असूनही त्या माणसाला उत्तर देता येत नव्हते, आणि ती नावे इतरांकडून मिळवावी लागत होती. कोऱ्या राहिलेल्या रकान्याचा अर्थ 'माहिती नाही' असाच असतो असे नव्हे, हे प्रत्येक प्रगणकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे हा विषय इरावती कर्वे यांनी पुढे नेला. भारतातील नातेव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे नातेव्यवस्थेचे विभाग कल्पून त्यांनी नात्यांचे शब्द आणि विवाहाचे नियम यांची सांगड घातली. महाराष्ट्र या मांडणीत मध्य विभागात येतो, कारण येथे उत्तर आणि दक्षिण या दोहोंच्या रीती भेटतात. अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत काही समाजांमध्ये बहिणीच्या मुलीशीही लग्न होते. तेव्हा पत्नी ही मामेबहीणही असते किंवा भाचीही असते. ज्या रकान्यात एकच पर्याय निवडता येतो तो या घरांत दोन खऱ्या उत्तरांपैकी एक पुसून टाकतो, आणि कोणते पुसले गेले याची नोंद कोठेही राहत नाही.

संशोधकाला टोडांमध्ये काही महिने राहता येते. सरकारला कोट्यवधी लोकांची गणना ठरावीक मुदतीत करायची असते. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी भारतात पहिली एककालिक जनगणना झाली, तेव्हा सुमारे २५ कोटी लोक मोजले गेले. पत्रके भरून आल्यावर त्यांची बेरीज करणे हेच मोठे दिव्य होते. १९०१ मध्ये त्यासाठी चिठ्ठ्यांची पद्धत आली. प्रत्येक व्यक्तीची माहिती वेगळ्या चिठ्ठीवर उतरवायची. धर्म चिठ्ठीच्या रंगावरून कळे. स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित, हे छापील चिन्हांवरून कळे. मग गठ्ठे लावायचे आणि मोजायचे. ही युक्ती हुशारीची होती, पण जेवढे रंग तेवढेच धर्म वेगळे दिसणार, हे त्यातच आले. पर्यायांची बंद यादी ही संगणकाची देणगी नव्हे, ती मोजणाऱ्याच्या सोयीतून त्याच्या कितीतरी आधी जन्मली आहे. १९४१ मध्ये थेट चिठ्ठीवरच गणना करण्यात आली. पुढे २००१ मध्ये पत्रके स्कॅन करून हाताने लिहिलेले अंक यंत्राकडून वाचून घेण्यात आले, आणि शब्दापेक्षा सांकेतिक अंकाचे महत्त्व आणखी वाढले.

स्वतंत्र भारताच्या १९५१ च्या पहिल्या जनगणनेत नावासोबतच कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते विचारले गेले. तेव्हापासून हा रकाना कायम आहे. प्रगणकांच्या सूचनांमध्ये याविषयी एक शहाणपणाचे वाक्य असते : नाते पूर्ण लिहा, पुतण्या-भाचा यांना एकच लागू पडणारे नेफ्यूसारखे मोघम शब्द वापरू नका, तर भावाचा मुलगा की बहिणीचा मुलगा हे स्पष्ट करा. मॉर्गनच्या पत्रकातील काटेकोरपणाच जणू येथे सरकारी भाषेत उतरला आहे.

तथापि या रकान्यात एक गृहीतक दडलेले आहे. घरातील प्रत्येक व्यक्तीची ओळख एकाच व्यक्तीच्या संदर्भात दिली जाते. थोरला भाऊ प्रमुख असेल तर धाकट्याची पत्नी 'भावाची पत्नी' होते आणि तिची मुले 'भावाची मुले'. घरात असे दोन धाकटे भाऊ असतील, तर कोणते मूल कोणत्या आईचे, हे पत्रकावरून सांगता येत नाही. आपल्या महसुली दप्तरातही हेच घडत आले. सातबाऱ्यावर एका भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एवढी अक्षरे पडली की बाकीच्या भावंडांचे हक्क त्या अक्षरांच्या मागे जात. पुढे वाटणीच्या वेळी ते शोधून काढण्यात दोन पिढ्या कोर्टात जात. प्रमुखाशी नाते विचारण्याऐवजी 'आईचा अनुक्रमांक, वडिलांचा अनुक्रमांक, जोडीदाराचा अनुक्रमांक' असे तीन छोटे रकाने ठेवले तर ही अडचण सुटते. एनसीएईआर आणि मेरिलँड विद्यापीठ यांनी २००४-०५ मध्ये ४१ हजारांहून अधिक कुटुंबांचे जे भारत मानव विकास सर्वेक्षण केले, त्यात प्रमुखाशी नाते विचारून शिवाय हे दुवेही नोंदवले होते.

या विषयाबद्दल मला इतकी आस्था का, हेही सांगितले पाहिजे. सुमारे तीन दशकांपूर्वी एका अवर्षणग्रस्त भागात निराधार स्त्रियांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले होते. छापील नमुना वरून आला होता. वैवाहिक स्थितीपुढे तीन चौकटी होत्या : अविवाहित, विवाहित, विधवा. छपाईला जाण्यापूर्वी तो नमुना माझ्या टेबलावरून गेला, आणि मी तो न वाचता सही करून पुढे पाठवला.

महिनाभराने एका वस्तीवर एक बाई भेटल्या. नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेले, भावाच्या अंगणातल्या छपरात राहायच्या, शेळ्या राखायच्या. यादीत त्यांचे नाव नव्हते. मी पत्रक मागवले. वैवाहिक स्थितीत 'विवाहित' या चौकटीत खूण होती, कुटुंबप्रमुख म्हणून भावाचे नाव होते आणि नात्याच्या रकान्यात 'इतर' लिहिले होते. प्रगणक हे जवळच्याच शाळेतील शिक्षक होते. मी जरा चढ्या आवाजातच विचारले. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मी खोटं काही लिहिलं नाही. नवरा जिवंत आहे, फारकत झालेली नाही. कागदावर त्यांच्यासाठी जागाच नव्हती."

चूक त्यांची नव्हती, माझी होती. आम्ही दुसरी फेरी घेतली आणि प्रगणकांना सांगितले, की चौकटीत बसत नसेल ते समासात लिहा. परत आलेल्या पत्रकांचे समास 'टाकलेली', 'माहेरी असते', 'नवरा परागंदा', 'दुसरी केली म्हणून आली' अशा शब्दांनी भरलेले होते. त्या भागात परित्यक्ता स्त्रिया आहेत हे सर्वांना ठाऊक होते. आमच्या कागदाला तेवढे ठाऊक नव्हते.

राष्ट्रीय पातळीवरही हेच दिसते. २००१ च्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त यांची आकडेवारी एकत्र होती. २०११ मध्ये हे दोन पर्याय वेगळे केले गेले. त्यामुळे प्रथमच समजले की देशात घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख, तर विभक्त राहणारे ३५ लाखांच्या घरात आहेत. म्हणजे कायद्याने मोडलेल्या विवाहांपेक्षा कायद्याबाहेर मोडलेले विवाह अडीच पटींहून जास्त, आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा पुष्कळ मोठी. माणसे २००१ मध्येही होतीच. एका चौकटीच्या दोन चौकटी झाल्या, एवढाच फरक.

अपंगत्वाच्या रकान्याचीही हीच कथा आहे. २००१ मध्ये पाच प्रकार होते आणि एका व्यक्तीसाठी एकच नोंदवता येत होता. जो ऐकतही नाही आणि चालूही शकत नाही, त्याने काय निवडावे? २०११ मध्ये प्रकार आठ झाले, आणि बहुविकलांगतेखाली तीनपर्यंत प्रकार नोंदवण्याची सोय झाली. एकूण संख्या दोन कोटी १९ लाखांवरून दोन कोटी ६८ लाखांवर गेली. ही सगळी वाढ खरी मानायची की त्यातला काही भाग प्रश्न बदलल्यामुळे आला मानायचा, हे निव्वळ आकड्यावरून ठरत नाही. म्हणूनच दोन सर्वेक्षणांची तुलना करण्यापूर्वी त्यांची पत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, हा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की सर्व रकाने मोकळेच ठेवावेत. तसेही नाही. याची सर्वांत महागडी शिकवण २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेने दिली. ती कागदाऐवजी हातातील टॅब्लेट संगणकावर झाली. जातीचे नाव मात्र जसे सांगितले जाईल तसे नोंदवले गेले, आणि जातींची प्रमाण सूची आधी तयार केलेली नव्हती. कोणी जात सांगितली, कोणी पोटजात, कोणी आडनाव, कोणी गोत्र. एकाच नावाची स्पेलिंगे वेगवेगळी पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, त्यानुसार १९३१ मध्ये जाती ४,१४७ होत्या आणि २०११ च्या या गणनेत जातींची वेगवेगळी नावे ४६ लाखांहून अधिक निघाली. मलबारातील मापिला हे एकच नाव ४० प्रकारे लिहिले गेले होते. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग मिळून ४९४ जाती असताना गणनेतून ४,२८,६७७ नावे बाहेर आली. हे प्रकरण महाराष्ट्र शासनाच्याच याचिकेवरचे होते. स्थानिक स्वराज्य संस्थांतील आरक्षणासाठी राज्याला ही माहिती हवी होती. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. एका रकान्याची पूर्वतयारी न झाल्याचा परिणाम अशा रीतीने दहा वर्षांनी पंचायतींच्या आरक्षणापर्यंत येऊन पोहोचला.

मग मोकळा रकाना चालतच नाही काय? चालतो. त्याच २०११ च्या जनगणनेत मातृभाषेचा रकानाही मोकळाच होता. लोकांनी सांगितलेली १९,५६९ नावे जमा झाली. ती कोलकात्यातील भाषा विभागाकडे गेली. तेथील भाषाशास्त्रज्ञांनी छाननी करून त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित केल्या, आणि दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषांची सारणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे रकाना मोकळाच, पण एकीकडे उत्तरे वाचणारी, वर्षानुवर्षे तेच काम करणारी माणसे होती आणि दुसरीकडे ती व्यवस्था उभी राहिली नव्हती. मोकळा रकाना ठेवणे म्हणजे नंतरच्या वाचनाचा खर्च आजच मंजूर करणे होय.

या छाननीतही सत्ता असतेच. पाच कोटींहून अधिक लोकांनी सांगितलेली भोजपुरी हिंदीखाली मोजली जाते. आपल्या अहिराणीची नोंद मात्र खानदेशी या वेगळ्या भाषेखाली होते. कोणते नाव कोणत्या शीर्षाखाली घालायचे हा निर्णय कोणीतरी घेतोच. फरक इतकाच, की मूळ नाव जपून ठेवले असेल तर उद्या तो निर्णय तपासता येतो. प्रगणकाने घरातच यादीतला पर्याय निवडला असेल तर मूळ उत्तर कायमचे हरवते.

बंद यादीचा धोका बिहारने दाखवला. २०२३ च्या तेथील जातगणनेत २०११ च्या अनुभवावरून शहाणे होऊन प्रत्येक जातीला सांकेतिक क्रमांक देण्यात आला. दोनशेहून अधिक क्रमांकांची ती यादी होती, आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी निष्कर्ष जाहीरही झाले. मोजणी वेळेत झाली. परंतु त्या यादीत २२ व्या क्रमांकावर किन्नर, म्हणजे तृतीयपंथी, ही जात म्हणून आली. लिंगाच्या रकान्यात तिसरा पर्याय होताच. मग तृतीयपंथी व्यक्तीने जातीच्या रकान्यात आपली जन्माची जात सांगावी की २२ क्रमांक? आक्षेप घेतले गेले आणि प्रकरण न्यायालयातही गेले. पर्याय नव्हता म्हणून माणूस अदृश्य होतो, तसाच तो चुकीच्या रकान्यात ठेवल्यानेही त्याच्यावर अन्याय होतो.

आता माझ्या सहकाऱ्याच्या नकाशाकडे येतो. त्याला जे करायचे आहे ते भारतात एकदा उत्तम प्रकारे झालेले आहे. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासासाठी २००६ मध्ये कर्नाटकातील ७५ गावांत परस्परसंबंधांची माहिती गोळा झाली. 'तुमचे संबंध कोणाशी चांगले आहेत?' असा भाबडा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तुम्ही कोणाच्या घरी जाता, तुमच्याकडे कोण येते, तांदूळ किंवा रॉकेल कोणाकडून उसने आणता, पैसे कोणाकडून घेता, सल्ला कोणाचा घेता, देवळात कोणासोबत जाता, असे बारा प्रकारचे संबंध वेगवेगळे विचारले. महत्त्वाची गोष्ट ही, की आधी गावातील सर्व घरांची व माणसांची नोंद झाली होती. त्यामुळे उत्तरात आलेले नाव त्या नोंदीतील माणसाशी जोडता आले. पुढे त्यांतील ४३ गावांत सूक्ष्म कर्जाची योजना गेली. ज्यांना योजनेची माहिती प्रथम दिली गेली ती माणसे गावाच्या संबंधजाळ्यात जितकी मध्यवर्ती, तितका त्या गावाचा सहभाग जास्त, असे आढळले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे गाव-पुढारी कोणाला म्हणते हे विचारून कळले नसते. रॉकेलच्या बाटलीचा प्रवास विचारला म्हणून कळले.

या सगळ्या इतिहासावरून मी त्या सहकाऱ्याला पुढील सूचना लिहून पाठवल्या.

१) आधी गावातील सर्व व्यक्तींची यादी, मग संबंध. व्यक्तीसाठी मजकुराचा रकाना नको, यादीतील व्यक्तीशी दुवा हवा. नाहीतर एकच पार्वताबाई सहा स्पेलिंगांनी सहा बायका होईल.

२) रक्ताचे व लग्नाचे नाते विचारताना आई, वडील, जोडीदार एवढेच दुवे घ्यावेत. बाकीची नाती संगणक काढील. हाक मारण्याचे नाते हवे असेल तर ते वेगळ्या मोकळ्या रकान्यात, बोलीतील शब्दांत.

३) जेथे दोन उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात तेथे अनेक पर्यायांचा रकाना. मामेबहीण आणि जाऊ, शेजारीण आणि सावकार, या गोष्टी एकाच माणसात नांदतात.

४) यादी कार्यालयात बसून करू नये. पहिल्या दोन-तीन गावांत रकाना मोकळा ठेवावा, आलेली उत्तरे स्वतः वाचावीत आणि त्यांतून यादी करावी. 'इतर' हा पर्याय ठेवून त्यापुढे लिहायला जागा द्यावी, आणि दर आठवड्याला 'इतर' खाली काय आले ते वाचण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर टाकावी.

५) 'कोणी नाही', 'सांगायचे नाही' आणि 'विचारलेच नाही' ही तीन वेगळी उत्तरे आहेत. तिन्हींसाठी कोरी जागा ठेवू नये. विशेषतः 'अडचणीत कोणाकडे जाता?' या प्रश्नाला 'कोणीच नाही' असे उत्तर देणारी स्त्री या संपूर्ण सर्वेक्षणात सर्वांत महत्त्वाची आहे. नकाशावर तिच्यापासून एकही रेघ निघणार नाही, म्हणून ती सहज नजरेआड होईल.

६) कोण कोणाचे देणे लागते ही माहिती गावात फुटली तर भांडणे होतात. नावांची यादी आणि संबंधांची माहिती वेगळी ठेवावी.

देशपातळीवर हा प्रश्न आता पुन्हा समोर आला आहे. आगामी जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी झाला. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरवला. ही गणना डिजिटल असणार असल्याचेही जाहीर झाले. म्हणजे जातीच्या रकान्याचा प्रकार कोणीतरी एका पडद्यावर निवडील. मोकळा मजकूर निवडला तर ४६ लाखांची आठवण ठेवावी लागेल, बंद यादी निवडली तर बावीस क्रमांकाची. माझ्या मते योग्य वाट मधली आहे : सूचीच्या आधाराने नोंद, सूचीत नसेल ते सांगितल्याप्रमाणे जतन, आणि नंतर छाननी करणारे भाषा विभागासारखे कायमस्वरूपी पथक.

सहकाऱ्याचा काल निरोप आला. पहिल्या गावात नात्याचा रकाना मोकळा ठेवला होता. एका वृद्धेने आपल्यासोबत राहणाऱ्या बाईचे नाते 'सवतीची सून, पण मीच वाढवली' असे सांगितले. त्याने विचारले आहे, याला कोणता क्रमांक देऊ? मी त्याला कळवले, की सध्या कोणताही देऊ नकोस. जसे सांगितले तसे लिहून ठेव आणि अशी आणखी किती घरे निघतात ते मोज.